हूक कुठे लावलास?

रिगवर मी डेरिकमन होतो. आता उंचीवर काम करणाऱ्या पोरांना शिकवतो. मुंबई हायसारख्या तेलक्षेत्रात विहीर खोदताना बाहेर काढलेले पाइप डेरिकमध्ये उभे रचावे लागतात. ते रचणारा डेरिकमन ज्या फळीवर उभा असतो, तिला मंकी बोर्ड म्हणतात. रिगच्या फ्लोअरपासून ती सुमारे 25 मीटर उंच, म्हणजे आठ मजले. वर वारा, पायाखाली चिखलाने निसरडं झालेलं लोखंड आणि दोन्ही हात पाइपात गुंतलेले.

हार्नेस चढवला की पोरं निर्धास्त होतात. मी विचारतो, हूक कुठे लावलास? बहुतेकांनी तो पायाजवळच्या दांडीला लावलेला असतो, कारण तिथे हात सहज पोचतो. मग मी खडू घेऊन फळ्यावर हिशेब मांडतो. दोरी 1.8 मीटरची. झटका सोसणारी पट्टी उसवत आणखी मीटरभर लांबते. पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर. हार्नेसचा ताण आणि थोडी राखीव जागा धरली, तर खाली साडेपाच मीटर मोकळे हवेत. चार मीटरवर पाइपलाइन असेल, तर हार्नेस घातलेला माणूसही तिच्यावर आदळणार. तोच हूक डोक्यावरच्या भक्कम तुळईला लावला, की पडणं फुटा-दोन फुटांत थांबतं.

जागा बदलताना दोन हूक लागतात. दुसरा अडकल्याशिवाय पहिला सोडायचा नाही. हे हाताच्या सवयीचं काम आहे, म्हणून ते वर्गात नाही, शिडीवर पुन्हा पुन्हा करून घ्यावं लागतं. कमरेचा नुसता पट्टा तर विसराच. अमेरिकेत पडणाऱ्याला अडवण्यासाठी तो वापरायला 1998 पासूनच बंदी आहे. सगळा झटका पोटावर बसतो.

यापुढची गोष्ट सर्वांत दुर्लक्षित. पडलेला माणूस लटकतो, तेव्हा मांड्यांचे पट्टे आवळतात, पायांतलं रक्त वर येईनासं होतं आणि काही मिनिटांतच शुद्ध हरपू शकते. म्हणून मी प्रत्येकाला जमिनीपासून फूटभर वर थोडा वेळ लटकवतो. पाय टेकवायला दोरीचा फास सोडून उभं कसं राहायचं, ते तिथेच कळतं.

ठेकेदारांना माझी कळकळीची विनंती आहे. रंगाऱ्याला, परांची बांधणाऱ्याला वर पाठवण्याआधी, तो लटकला तर त्याला कोण, कशाने खाली आणणार हे ठरवा. ठरलं नसेल, तर त्या दिवशी काम थांबवा.