चाक बसते, की बसल्यासारखे दिसते?

म्हैसूरकरांना जुनी मोटार नुसती पाहायची असेल, तर त्यांनी श्रीरंगपट्टणजवळच्या ‘पयण’ संग्रहालयात जावे. ती चालविण्याची हौस असेल, तर मात्र चाकांचा विचार करणे भाग पडते. माझ्या एका स्नेह्यांपाशी फियाट 124 स्पायडर आहे. ही दोन दारांची उघडी मोटार 1966 साली ट्यूरिनच्या प्रदर्शनात प्रथम अवतरली. तिच्या पोलादी चाकांच्या जागी त्यांनी मिश्रधातूची, म्हणजे ज्यांना आपण अलॉय म्हणतो ती, चाके आणली. चाकाला भोके चार, हबलाही चार. दुकानदाराने बोल्ट आवळून दाखविले. पण चामुंडीच्या टेकडीवरून उतरताना स्टिअरिंग थरथरू लागले, आणि खाली येऊन पाहतात तो दोन बोल्ट ढिले!

दोष अवघ्या दोन मिलिमीटरांचा होता. चारही भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास फियाटमध्ये 98 मिलिमीटर असतो. आणलेल्या चाकांत तो 100 होता. प्रत्येक बोल्ट एक मिलिमीटर तिरपा ओढला गेला, त्याचा शंकूसारखा माथा एकाच बाजूने टेकला, आणि चालत्या चाकाच्या धक्क्यांनी पकड सुटली. म्हणून डोळ्यांवर विसंबू नये, मोजावे. चार भोके असतील, तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांतील अंतर हाच तो व्यास. पाच असतील, तर शेजारच्या दोन मध्यांतील अंतराला 1.7 ने गुणावे.

दुसरे माप मधल्या भोकाचे. ते हबच्या उंचवट्याहून लहान असेल, तर चाक बसणारच नाही. मोठे असेल, तर मधली पोकळी भरणारे योग्य मापाचे कडे घालावे. तिसरी गोष्ट बोल्टची. अलॉय चाक बोल्टपाशी जाड असते. जुना बोल्ट त्यात आखूड पडतो. बोल्टच्या व्यासाइतकी तरी लांबी हबमध्ये शिरली पाहिजे. तथापि फाजील लांबीचा बोल्ट मागच्या भागांना अडतो. त्याचा माथा शंकूचा की गोल, हेही चाकातील बैठकीशी जुळले पाहिजे.

चौथे माप ऑफसेटचे, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाचे अंतर. समजा, 5 इंची रिमऐवजी 6 इंची रिम घेतली. ऑफसेट तोच राहिला, तर चाक आत आणि बाहेर 12.7 मिलिमीटर वाढेल. ऑफसेट 10 मिलिमीटरने कमी असेल, तर आत 2.7 आणि बाहेर 22.7. आत ब्रेक व स्प्रिंग, बाहेर मडगार्ड. दोहोंकडे तेवढी जागा आहे काय, हे प्रथम पाहावे. मग चाक चढवून ते हाताने फिरवावे, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवावे, आणि मोटारीत माणसे बसवून पुन्हा पाहावे.

शेवटचा हिशेब टायरचा. या मोटारीच्या मूळच्या 165 रुंदीच्या, 13 इंची टायरचा बाह्य व्यास सुमारे 594 मिलिमीटर. त्याऐवजी 185/60, 14 इंची घेतल्यास तो 578 होतो. रिम मोठी, पण चाक लहान! स्पीडोमीटर 60 दाखवील, तेव्हा खरा वेग 58 च्या आसपास असेल.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 अन्वये निर्मात्याने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत फेरफार करता येत नाही. शिवाय 2021 च्या नियमांनुसार ‘विंटेज’ म्हणून नोंद हवी असेल, तर पन्नास वर्षांहून जुनी मोटार मूळ रूपात राखलेली असावी लागते. म्हणून काढलेली पोलादी चाके भंगारात घालू नयेत.

स्नेह्यांनी पुढे 98 च्या मापाची चाके मिळविली, आणि पहिल्या शंभर किलोमीटरांनंतर बोल्ट पुन्हा आवळून घेतले. आता ते चामुंडीवरून निर्धास्त उतरतात. चाक विकत घेण्यापूर्वी एक मोजपट्टी आणि अर्धा तास खर्चिला असता, तर तो थरथरता उतार त्यांना अनुभवावाच लागला नसता.