मामूंची सीडी

"अम्मी, मामूंची 'डूम'ची सीडी चालतच नाही!" इंजिनिअरिंगला असलेला माझा मोठा मुलगा हिरमुसला. एका अनोळखी साइटवरून फुकटची फाइल उतरवायला निघाला होता. मी अडवले. अशा फाइलींतून व्हायरस येतो, शिवाय ती चोरीच.

दोष सीडीचा नव्हता. 'डूम' १९९३ साली डॉससाठी बनला. आजच्या ६४ बिट विंडोजवर डॉसचे प्रोग्राम थेट चालत नाहीत. पण सरळ मार्ग आहेत. 'डॉसबॉक्स' हा मोफत प्रोग्राम जुन्या संगणकाची नक्कल करतो. शिवाय १९९७ मध्ये निर्मात्यांनी सोर्स कोड खुला केला, त्यावरून 'चॉकलेट डूम'सारखी मोफत इंजिने तयार झाली. त्यांना फक्त मूळ खेळाची 'वॅड' फाइल लागते. ती मामूंच्या विकत घेतलेल्या सीडीत होतीच!

खेळ सुरू झाला. सौदीतल्या मामूंना व्हिडिओ कॉल लागला. कित्येक महिन्यांनी मामा-भाचे पोटभर हसले.

तेवढ्यात नऊ वर्षांची धाकटी मागून डोकावली. खेळ रक्तपाताचा, अमेरिकेत १७ वर्षांवरील मुलांसाठी ठरवलेला. थोरल्याने स्वतःच लॅपटॉप मिटला.

पालकहो, सरसकट मनाई करण्याआधी मुलांशेजारी थोडा वेळ बसून पाहा.