मिडी-संदेशातील अवतरण : तालपॅडच्या फर्मवेअर-बदलाचे स्वरूप

१९८५ साली रोलँड या जपानी कंपनीने आठ आघातपृष्ठांचे एक विद्युत्-तालवाद्य ‘ऑक्टापॅड’ या नावाने बाजारात आणले. आपल्याकडील वाद्यवृंदांत या जातीच्या वाद्यास, मग ते कोणत्याही कंपनीचे असो, सर्रास ऑक्टापॅड असेच म्हणतात. विशेषनामाचे सामान्यनाम कसे होते याचा हा सुबोध दाखला होय; परंतु प्रस्तुत लेखाचा विषय तो नव्हे. अशा पॅडच्या पोटात एक आज्ञावली कायम स्वरूपात साठविलेली असते. तिला फर्मवेअर म्हणतात. काठीचा आघात केवढा, शेजारच्या पृष्ठाला बसलेला हादरा आघात म्हणून मोजावा की नाही, कोणत्या पृष्ठावर कोणता ध्वनी, हे सारे ती ठरविते. तीत दोष आढळला तर ती बदलावी लागते. काही वाद्यांत हा बदल यूएसबी-साठवणीतून करतात. परंतु पुष्कळ वाद्यांत तो ज्या मार्गाने एरवी आघातांची वार्ता जाते त्याच मिडीमार्गाने होतो. आघात कळविण्यापुरत्या घडविलेल्या संकेतव्यवस्थेतून ऐकणाऱ्याचे व्याकरणच बदलणारा मजकूर कसा पाठविता येतो, हा प्रश्न भाषाभ्यासकानेही विचारण्याजोगा आहे.

मिडी हा संकेत १९८३ साली सिद्ध झाला. त्यातील संदेश बाइटांचे बनलेले असतात. बाइट म्हणजे आठ द्विमान अंकांचा, अर्थात बिटांचा, समूह. त्याचे मूल्य ० ते २५५ असू शकते. येथे मिडीने एक कडक नियम केला आहे. ज्या बाइटाचा सर्वोच्च बिट १, म्हणजे ज्याचे मूल्य १२८ किंवा अधिक, तो आज्ञा-बाइट. ज्याचे मूल्य १२७ पर्यंत, तो दत्त-बाइट. पॅडवर काठी पडली की १५३, ३८, १०० असे तीन बाइट निघतात. १५३ म्हणजे ‘दहाव्या वाहिनीवर स्वर सुरू’. ३८ हा १९९१ च्या जनरल मिडी संकेतानुसार स्नेअर ड्रमचा क्रमांक. १०० हे आघाताचे बल. श्रोता मध्येच कान देऊ लागला तरी आज्ञा कोठे सुरू होते हे त्याला त्या एका बिटावरून तत्काळ कळते. मानवी भाषेत शब्दारंभाची अशी निरपवाद खूण आढळत नाही.

याच नियमामुळे मिडीत एक सोय होते, आणि पाणिनीच्या वाचकास ती ओळखीची वाटेल. लागोपाठचे संदेश एकाच आज्ञेचे असतील तर ती आज्ञा पुन्हा उच्चारावी लागत नाही. ती पुढील दत्त-बाइटांस लागू आहे असे समजावयाचे. ही अनुवृत्तीच होय. फरक इतकाच की, अष्टाध्यायीत अनुवृत्ती कोठे थांबते हे पुष्कळदा व्याख्यानावरून ठरवावे लागते. मिडीत (कालदर्शक संदेश वगळता) नवा आज्ञा-बाइट आला की तिचा निःसंशय अंत होतो.

आता मुख्य प्रश्न. मिडीच्या रचनाकारांनी आपल्या संकेतात एक मोकळी जागा ठेवली : २४० या बाइटाने सुरू होणारा आणि २४७ ने संपणारा ‘सिस्टिम एक्स्क्लूझिव्ह’ संदेश. यास आपण अनन्य-संदेश म्हणू. २४० नंतर कंपनीचा क्रमांक येतो. रोलँडचा ६५, यामाहाचा ६७. पुढे कंपन्या वाढल्या तेव्हा शून्याने आरंभ होणारे तीन बाइटांचे क्रमांकही आले. आपला क्रमांक नसेल तर यंत्राने २४७ पर्यंतचा मजकूर सोडून द्यावयाचा. आतील मजकुराचा अर्थ मिडी सांगत नाही. तो त्या कंपनीचा आणि तिच्या यंत्राचा आपसांतील व्यवहार. म्हणजे हे एक अवतरण आहे. मराठीत ‘असे’ किंवा ‘म्हणून’ हे शब्द अवतरणाचा शेवट दाखवितात, आरंभ श्रोत्याने ओळखावयाचा. संस्कृतातील ‘इति’चेही तेच. मिडी दोन्ही टोके बांधते. इतकेच नव्हे, तर २४७ येण्यापूर्वी दुसरा कोणताही आज्ञा-बाइट आला तरी अवतरण संपले असे मानतात. अपवाद फक्त कालदर्शक संदेशांचा (२४८ व पुढील). तालाचा ठोका अवतरणाच्या मधूनही जाऊ शकतो, आणि त्याने अवतरण मोडत नाही.

परंतु अवतरणातही परक्या मजकुरास घराचा नियम पाळावाच लागतो : आत केवळ दत्त-बाइट चालतात. फर्मवेअर तर आठही बिट वापरते. त्यात २०० हा बाइट असणारच, आणि तो तसाच पाठविला तर श्रोता त्यास आज्ञा समजेल. यावर तोड अशी : सात बाइट घ्यावेत, प्रत्येकाचा सर्वोच्च बिट काढून ते सात बिट एका स्वतंत्र बाइटात गोळा करावेत, आणि सातांचे आठ बाइट करून पाठवावेत. २०० चे मग ७२ उरतात, आणि काढलेला १ त्या जादा बाइटात आपल्या जागी बसतो. दुसरी, अधिक सोपी परंतु उधळी रीत म्हणजे प्रत्येक बाइटाचे चार-चार बिटांचे दोन तुकडे करणे. मूळच्या पाच टोकांच्या तारेवर मिडीचा वेग सेकंदास ३१,२५० बिट. प्रत्येक बाइटास आरंभ व अंत यांचे दोन बिट धरून दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदास ३,१२५ बाइट. २,६२,१४४ बाइटांचे फर्मवेअर पहिल्या रीतीने सुमारे ९६ सेकंदांत, तर दुसऱ्या रीतीने सुमारे १६८ सेकंदांत जाईल, तेही मध्ये न थांबता.

थांबावे मात्र लागते. स्थिर स्मृतीचा भाग पुसण्यास व लिहिण्यास यंत्राला अवधी हवा. तेवढ्यात पुढचा तुकडा आला तर तो हरवतो. फर्मवेअर मिडी-फाइलीच्या रूपात दिले असेल तर प्रत्येक संदेशापूर्वी किती थांबावे याची नोंद तिच्यातच असते. नुसत्या अनन्य-संदेशांच्या फाइलीत काळाची नोंद नसते. विराम पाठविणाऱ्याने पाळावयाचा. अनेकांचे प्रयत्न फसतात ते येथेच. स्वस्त यूएसबी-जोडणीत लांब अनन्य-संदेश मध्येच तुटतो, हेही पुष्कळदा घडते. दोन्ही दिशांच्या तारा जोडल्या असतील आणि यंत्र तशा रचनेचे असेल, तर ते प्रत्येक तुकड्यास ‘मिळाला’ किंवा ‘पुन्हा पाठवा’ असे उत्तर देऊ शकते. एकच तार असेल तर पाठविणारा केवळ बोलत राहतो.

तुकडा शुद्ध पोहोचला की नाही हे ताडण्यासाठी त्याच्या शेवटी तपासणीची संख्या जोडतात. रोलँडच्या ध्वनिरचनेच्या अनन्य-संदेशांत ती बेरजेने काढतात : बाइट मिळवावेत, १२८ ने भागावे, बाकी १२८ मधून वजा करावी (बाकी शून्य असेल तर शून्यच). रीत सुटसुटीत खरी, पण बेरजेला क्रम कळत नाही. वाल्या कोळ्याच्या आख्यायिकेतील ‘मरा’ आणि ‘राम’ यांतील चिन्हे तीच, तेव्हा त्यांची बेरीजही एकच. क्रमपालट जिला कळतो अशी भागाकारावर आधारलेली चक्रीय तपासणी फर्मवेअरसारख्या मजकुरास अधिक योग्य होय. वेदपाठकांना ही अडचण फार पूर्वीच जाणवली होती. जटापाठात दोन पदे सुलट, उलट, पुन्हा सुलट म्हणतात ती क्रमाच्याच रक्षणासाठी. तेथे रक्षणाची किंमत तिप्पट उच्चारणाने मोजावी लागते, येथे दोन-चार बाइटांत भागते.

एवढे करूनही मूळ कूट उरते. आज्ञावली पुसली जात असताना ऐकतो कोण? ऐकणारा हा फर्मवेअरहून निराळा, स्मृतीच्या राखीव भागातील एक लहानसा कार्यक्रम असतो. त्यास बूटलोडर म्हणतात. विशिष्ट कळा दाबून यंत्र सुरू केले की तो जागा होतो. त्याला ना ताल कळतो ना ध्वनी. अनन्य-संदेश वाचणे, तपासणे, पुसणे आणि लिहिणे एवढेच त्याचे ज्ञान. वीज मध्येच गेली तर अर्धवट लिहिलेले फर्मवेअर निरुपयोगी होते, पण बूटलोडर शाबूत राहतो आणि काम पुन्हा प्रथमपासून करता येते. ज्या यंत्रात बूटलोडरही त्याच फेरीत बदलला जातो, तेथे हा आधार उरत नाही. यंत्र उघडून कारागिरासच आत हात घालावा लागतो. पॅडवर ज्याची रोजी आहे अशा वादकाने कार्यक्रमाच्या आदल्या रात्री हा उद्योग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०२० साली स्वीकृत झालेल्या मिडी २.० मध्ये आठही बिट जसेच्या तसे नेणारा अनन्य-संदेशाचा एक नवा प्रकार आहे. त्याच्या संदेशपेटीत आज्ञा आणि दत्त यांची जागा ठरलेली असल्याने सर्वोच्च बिटाची खूण लागत नाही, आणि साताचे आठ करण्याची यातायातही टळते. जुन्या तारेवरील पॅडांना मात्र ती करावीच लागते.