कायदा शिवारातला : आगळीक

मागच्या भागात चोरी पाहिली. चोरी म्हटली की पळवणं आलं. आगळिकीत करणाऱ्याच्या हाती काही लागलंच पाहिजे असं नाही. दुसऱ्याचं नुकसान झालं की गुन्हा पुरा होतो.

बोलताना आपण कुरापत काढण्याला आगळीक म्हणतो आणि पोरांनी शेजारच्या चिंचा पाडल्या तर खोडी म्हणून सोडून देतो. कायद्याची आगळीक याहून नेमकी आहे. दुसऱ्याचं गैरवाजवी नुकसान व्हावं या हेतूनं, किंवा तसं होण्याचा संभव आहे हे माहीत असताना, मालमत्ता नष्ट करणं किंवा तिची किंमत वा उपयोग कमी होईल असा बदल करणं. यातलं ‘माहीत असताना’ फार महत्त्वाचं.

दौंड तालुक्यातल्या पाटसचंच पाहा. खडकवासल्याचा नवा मुठा उजवा कालवा हवेली, दौंड करत इंदापूरकडे जातो. आवर्तन सुटलं की पाणी पाळीनं मिळतं. समजा, रात्री दारं धरणाऱ्याच्या चारीतलं पाणी एकाएकी बारीक झालं. तो बॅटरी घेऊन बांधाबांधानं वर गेला, तर वरच्या अंगाला कुणीतरी चारी फोडून पाणी आपल्या उसात वळवलेलं. फोडणारा म्हणतो, “पीक जळत होतं हो, तुमचं वाईट करायचं मनात नव्हतं.” खरंही असेल. पण खालच्याचं पाणी तुटणार हे त्याला ठाऊक होतं, आणि कायद्याला तेवढं पुरतं. साध्या आगळिकीला भारतीय न्याय संहितेच्या कलम 324 नुसार 6 महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. शेतीचं पाणी तोडणाऱ्या आगळिकीला कलम 326 नुसार 5 वर्षांपर्यंत. ही तफावत मला रास्त वाटते. गेलेली पाळी पैशांनी परत येत नाही.

उसाला आग लावली तर 7 वर्षांपर्यंत. इथं फड पूर्ण जळून जायला हवा असंही नाही. जळका ऊस कारखान्यात जातो, पण वजन घटतं, भाव कापला जातो. किंमत कमी झाली ती अशी. ही व्याख्या 1860 च्या दंड संहितेपासून चालत आलेली आहे. दुसऱ्याच्या पिकात मुद्दाम गुरं घालणं हे तिच्यातलं जुनं उदाहरण. सामाईक मालकीची वस्तू एका वाटेकऱ्यानं मोडली तरी आगळीक होऊ शकते. भावकीतल्या सामाईक विहिरीवरची मोटार जाळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

उलट, नुकसान मोठं असलं म्हणून आगळीक ठरतेच असं नाही. 27 सप्टेंबर 2018 ला पुण्यात दांडेकर पुलाजवळ मुठा कालवा फुटून घरांत पाणी शिरलं, तेव्हा उंदीर-घुशी आणि खेकड्यांनी भराव पोखरल्याचं कारण मंत्र्यांनी दिलं होतं. हेतू किंवा जाणीव माणसाचीच लागते. देखभालीतली हयगय हा निराळा प्रश्न.

तक्रार देताना नुसतं “खोडसाळपणा केला” असं लिहून देऊ नका. साधी आगळीक अदखलपात्र, तिची नुसती एनसी होते. पाणी तोडल्याचा गुन्हा दखलपात्र आहे. म्हणून चारी कुठं फोडली, पाळी कुणाची होती, किती क्षेत्र कोरडं राहिलं, हे अर्जात लिहा आणि पंचनाम्यात नुकसानीची रक्कम घालून घ्या. 20 हजारांच्या आणि 1 लाखाच्या पुढं शिक्षा वाढत जाते.

पुढच्या भागात फौजदारी अतिक्रमण.