जखमी प्रादेशिक सैनिकाचा हक्क ठरतो पहिल्याच कागदावर
अपंगत्व आल्यास निवृत्तिवेतन मिळते. पण मार्ग वैद्यकीय मंडळ आणि चौकशी अहवालातून जातो

प्रादेशिक सेनेच्या पर्यावरण कृती दलातील एक जवान १५ एप्रिल २००९ रोजी दहा दिवसांची रजा संपवून कामावर परतत होता. वाटेत अपघात झाला आणि त्याचा एक पाय गुडघ्यापर्यंत कापावा लागला. पायदळात सुमारे २५ वर्षे काढून तो २००७ मध्ये प्रादेशिक सेनेत दाखल झाला होता. वैद्यकीय मंडळाने ८० टक्के अपंगत्व नोंदविले आणि १ जानेवारी २०१२ रोजी त्याला सेवामुक्त केले. अपंगत्व निवृत्तिवेतन मात्र नाकारण्यात आले. ते देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो १७ डिसेंबर २०२१ रोजी. अपघात आणि निकाल यांत साडेबारा वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

गणवेशातील अर्धवेळ सैनिक जायबंदी झाला, तर त्याचा वाली कोण, हा प्रश्न या प्रकरणाने ऐरणीवर आणला. १९४८ च्या कायद्याने अस्तित्वात आलेल्या प्रादेशिक सेनेची ओळख सर्वसामान्यांना आहे ती कपिल देव किंवा महेंद्रसिंग धोनी यांना मिळालेल्या मानद हुद्द्यांमुळे. प्रत्यक्षात नोकरी-व्यवसाय सांभाळून वर्षातील काही काळ प्रशिक्षण घेणारे आणि गरज पडताच सीमेवर जाणारे हे नागरिक सैनिक आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीशी संलग्न अशा पलटणी पुणे व कोल्हापूर येथे आहेत. मराठवाड्यात वृक्षलागवड करणारी पर्यावरण पलटण २०१७ पासून छत्रपती संभाजीनगर येथे आहे.

पाचारण केले होते का?

नियमित सैनिक बारा महिने सेवेत असतो. प्रादेशिक सैनिक मात्र प्रशिक्षणासाठी बोलावल्यावर किंवा पलटण पाचारण केल्यावर सेवेत येतो. लष्कराच्या भाषेत याला ‘एम्बॉडिमेंट’ म्हणतात. घरी परतून आपल्या दुकानात बसलेल्या सैनिकाला झालेली इजा लष्करी सेवेतील ठरत नाही. त्यामुळे इजा झाली त्या दिवशी तो सेवेवर होता, हे दाखविणारा पाचारणाचा आदेश हा दाव्याचा पाया होय. रजेवर जाता-येताना झालेल्या अपघातातही प्रवास अधिकृत होता का, हे तपासले जाते. म्हणून रजेचा दाखला आणि प्रवासाचे तिकीट जपून ठेवणे अगत्याचे असते.

दुसरा कागद इजा अहवालाचा. तो पलटणीतच तयार होतो. अपघात गंभीर असल्यास ‘कोर्ट ऑफ इन्क्वायरी’ नेमली जाते. इजा लष्करी सेवेमुळे झाली का आणि सैनिकाची स्वतःची हयगय होती का, यावर ती मत देते. वर उल्लेखिलेल्या जवानाच्या बाजूने असा अहवाल होता. तो नसता, तर त्याचा न्यायालयातील दावा बराच दुबळा ठरला असता.

वैद्यकीय मंडळ काय ठरविते?

उपचारानंतर सैनिकाची वैद्यकीय श्रेणी ठरते. मानसिक स्थिती, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी या पाच निकषांवर ती दिली जाते. हलक्या कामावर ठेवण्याजोगी प्रकृती असेल, तर कनिष्ठ श्रेणी देऊन सेवा सुरू राहू शकते. ते शक्य नसेल, तर सेवामुक्तीसाठीचे वैद्यकीय मंडळ बसते.

या मंडळाच्या अहवालातील दोन नोंदी कळीच्या असतात. पहिली, अपंगत्व सेवेमुळे उद्भवले की सेवेमुळे बळावले, की दोन्ही नाही. दुसरी, त्याची टक्केवारी. अपंगत्वाचा सेवेशी संबंध नाही, असा शेरा पडला की अपंगत्व निवृत्तिवेतनाची वाट बंद होते. इजेपेक्षा आजाराच्या बाबतीत हा वाद अधिक होतो. भरतीच्या वेळी निरोगी असलेल्या सैनिकाला पुढे जडलेला आजार सेवेशी संबंधित नाही असे म्हणायचे असेल, तर मंडळाने कारणे दिली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले. मात्र २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे पात्रता नियम लागू झाले आहेत. त्यामुळे कोणते नियम लागू होतील, हे सेवामुक्तीच्या तारखेवर अवलंबून असते.

टक्केवारीचे गणित

अपंगत्व निवृत्तिवेतनाचे दोन भाग असतात : सेवेचा आणि अपंगत्वाचा. शंभर टक्के अपंगत्वासाठी दुसरा भाग अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के असतो. टक्केवारी कमी असेल तर तो त्या प्रमाणात घटतो. वैद्यकीय कारणाने सेवामुक्त झालेल्यांसाठी टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेली जाते. पन्नासपेक्षा कमी असल्यास ५०, पन्नास ते ७५ असल्यास ७५ आणि त्यापुढे १०० धरले जातात.

उदाहरणार्थ, अखेरचे वेतन ४० हजार रुपये आणि अपंगत्व ४० टक्के असेल, तर एरवी ४,८०० रुपये मिळाले असते. टप्प्याच्या नियमाने ते ६ हजार होतात. नियमानुसार अपंगत्व किमान २० टक्के असावे लागते. तथापि, सैनिकाला अपंगत्वामुळे सेवेतून काढले जाते, तेव्हा ते २० टक्क्यांहून अधिक आहे असेच मानावे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला.

प्रश्न केवळ पैशांचा नाही. सेवेमुळे अपंगत्व आल्याची नोंद झाली, तर प्रादेशिक सैनिकाला ‘माजी सैनिक’ हा दर्जा मिळू शकतो. निवृत्तिवेतन सुरू झाल्यास माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे दारही उघडते. कृत्रिम पाय आयुष्यभर बदलत राहावा लागणाऱ्या माणसासाठी याचे मोल मोठे आहे.

हमीपत्राने हक्क जातो का?

आपल्याला निवृत्तिवेतन मिळणार नाही हे मान्य असल्याचे हमीपत्र त्या जवानाने भरतीच्या वेळी लिहून दिले होते. सरकारचा भर त्यावरच होता. न्या. एल. नागेश्वर राव आणि मूळचे अमरावतीचे न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठाने तो युक्तिवाद फेटाळला. नोकरी देणारे सरकार आणि नोकरीची गरज असलेला सैनिक यांची सौदाशक्ती समान नसते; अशा स्थितीत घेतलेली सही त्याचा हक्क हिरावू शकत नाही, असा निकालाचा आशय आहे. विसंगत तरतूद नसेल तेथे प्रादेशिक सैनिकांना नियमित लष्कराचेच निवृत्तिवेतन नियम लागू होतात, हेही न्यायालयाने अधोरेखित केले.

दाद कोठे मागावी?

दावा फेटाळला गेल्यास प्रथम विभागीय अपील आणि त्यानंतर दुसरे अपील करता येते. तेथेही निराशा झाली, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येते. त्याचे प्रादेशिक खंडपीठ मुंबईत आहे. अंतिम आदेशानंतर सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. विलंबाचे सबळ कारण दाखविल्यास तो माफ होऊ शकतो. अर्ज व कागदपत्रांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे मार्गदर्शन घेता येते.

मात्र अपिलात नवी जखम दाखविता येत नाही. जुन्या कागदांचाच अर्थ नव्याने लावला जातो. त्यामुळे रुग्णालयात असतानाच इजा अहवाल, चौकशीचा निष्कर्ष आणि वैद्यकीय मंडळाचा अहवाल यांच्या प्रती मागून घ्याव्यात. जखमी सैनिकाला ते शक्य नसेल, तर घरच्यांनी पलटणीकडे तसा लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच जपून ठेवावी.