एका गुहेचे वटवाघूळ

आमच्या उल्हासनगरच्या बराकीत पाकोळी शिरली की आई केरसुणी उचलते. मीही उचलीत असे. मग ग्रंथालयात रॉटनच्या वटवाघळाविषयी वाचनात आले. कपाळावरून पुढे झुकलेले भलेमोठे कान, पंखांच्या पडद्याबाहेर मोकळी शेपटी! 1913 साली थॉमस यांनी त्याचे वर्णन केले. नाव दिले वनाधिकारी रॉटन यांचे. बेळगाव जिल्ह्यातील तळेवाडीजवळची बारापेडे गुहा हेच त्याचे जगातील एकमेव घर, असे सुमारे नव्वद वर्षे मानले गेले. पुढे 2000 च्या सुमारास ते मेघालयात आणि थेट कंबोडियातही आढळले. ते उडत तिकडे गेले असे नव्हे. पाहणारे उशिरा पोहोचले. अंबरनाथ-बदलापूरकडच्या कपारींत मित्रहो, आपल्यापैकी कोण डोकावले आहे? केरसुणी मी खाली ठेवली आहे. पाकोळीचे कान मात्र अजून नीट दिसलेले नाहीत.