मोठ्या पराभवानंतर

हार कशी ठरते?
• नॉकआउट: खाली पडलेला मुष्टियोद्धा दहा आकडे मोजेपर्यंत लढायला उभा राहत नाही.
• तांत्रिक नॉकआउट: पंच लढत थांबवतात.
• गुणांवर: पंचांच्या गुणपत्रिकेवरून निकाल.
कुस्तीचे वेगळे: मातीच्या कुस्तीत पैलवान चीतपट झाला की निकाल लागला. गुणांची कुस्ती मॅटवरची.

सक्तीची विश्रांती
हौशी बॉक्सिंगच्या नियमांत डोक्यावरच्या ठोशाने नॉकआउट झाल्यास किमान 30 दिवस सराव आणि लढत बंद. मेंदूला बसलेला मार बाहेरून दिसत नाही, म्हणून हा नियम सर्वांत महत्त्वाचा.

जॉर्ज फोरमन (अमेरिका)
• 30 ऑक्टोबर 1974, किन्शासा: मुहम्मद अलीकडून आठव्या फेरीत नॉकआउट. जगज्जेतेपद गेले.
• 1977: जिमी यंगकडून गुणांवर हार. त्यानंतर रिंगण सोडले, ख्रिस्ती धर्मोपदेशक झाले. दहा वर्षे एकही लढत नाही.
• 1987: पुनरागमन.
• 5 नोव्हेंबर 1994: वयाच्या 45व्या वर्षी मायकेल मूररला नॉकआउट करून पुन्हा हेवीवेट जगज्जेते.

माइक टायसन
11 फेब्रुवारी 1990, टोकियो. सलग 37 विजयांनंतर बस्टर डग्लसकडून दहाव्या फेरीत पहिली हार.

आपल्याकडचे उदाहरण: खाशाबा जाधव
खेळ कुस्ती, गाव कराडजवळचे गोळेश्वर. 1948च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे; मातीतल्या या मल्लाला मॅट नवी होती. 1952, हेलसिंकी: बँटमवेट गटात कांस्य, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढे पोलीस दलात नोकरी. निधन 1984; अर्जुन पुरस्कार मरणोत्तर.